बेवारस फोल्डर

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसतं ‘हं’ म्हणते, अशी दादाची तक्रार आहे. ती खरी आहे, म्हणून लिहिते आहे.

आई बरी आहे. गुडघ्याचे व्यायाम करते असं मला सांगते आणि करत नाही. बाकी घरी नवीन काही नाही.

ऑफिसात मला एक काम मिळालं आहे. आमच्याकडच्या रुग्णालयांची माहिती आमच्या इमारतीत नसते, क्लाउडवर असते, हे तुला दादाने सांगितलं असेलच. म्हणजे यंत्रं दुसऱ्याची, जागा भाड्याची, माहिती आपली. तिथे कोणी काय उघडं ठेवलं आहे, कोणाला कशाची परवानगी दिली आहे, हे माणसांनी बसून तपासणं आता आवाक्याबाहेर गेलं आहे. म्हणून ते तपासणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. चाळणी लावून दोन उरली आहेत. मार्चअखेरीस ऑडिट आहे. त्याआधी त्यातलं एक निवडून मी साहेबांना लेखी शिफारस द्यायची आहे.

पहिलं सॉफ्टवेअर नियम मोडलेला दिसला की कळवतं. दुसरं कळवतं आणि लगेच बंदही करतं. आमच्या टीमने पहिल्याचं नाव ‘चुगल्या’ ठेवलं आहे आणि दुसऱ्याचं ‘दरवान’. मला अशी नावं आवडत नाहीत, पण आता मीटिंगमध्ये साहेबसुद्धा तीच वापरतात.

आणखी एक फरक आहे, तो विकणारे सांगत नाहीत. कधी कधी एखाद्या नियमातून सूट द्यावी लागते. चुगल्यात एक खूण केली की तो त्या गोष्टीबद्दल परत कधीच बोलत नाही. दरवानाला मात्र सुटीमागे माणसाचं नाव लागतं, कारण लागतं आणि सूट संपण्याची तारीख लागते. साहेबांचा कल चुगल्याकडे आहे. ‘तो कोणाचं काम अडवत नाही,’ असं ते म्हणतात. माझा कल दरवानाकडे आहे, नेमका त्याच कारणासाठी.

सध्या दोन्ही नुसती पाहणी करत आहेत. आमचं एक जुनं चाचणी-खातं आहे. तिथे प्रयोग करायचे, खरी माहिती ठेवायची नाही, असा नियम. तिथे एक फोल्डर सापडला. ज्याच्याकडे लिंक असेल त्या कोणालाही तो उघडता येतो, त्यात लिहिताही येतं. मालकाचं नाव नाही. मी सगळ्यांना मेल पाठवला, कोणीही आपला म्हणत नाही. आत काय आहे ते पाहायला साहेबांची परवानगी लागते, ती मागितली आहे. फोल्डर दादा इथे होता तेव्हाचा असू शकतो. त्याला विचारलं, उत्तर आलं नाही. त्याला जरा आठवण कर.

तुझी नणंद


६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

हा शब्द तुला आवडत नाही म्हणून मुद्दाम वापरते. नणंदेला चिडवायचं नाही तर मग सासर कशाला म्हणायचं?

तुझा दादा नव्या ऑफिसात अजून नव्या नवरीसारखा वागतो आहे. स्वतःचा कप स्वतः विसळतो, कोणी काही म्हटलं की मान खाली घालून ‘हो’ म्हणतो. घरी येऊन मग सगळं माझ्यावर काढतो. त्यांनी तुमच्या साहेबांकडून त्याच्या वर्तणुकीचं पत्र मागवलं आहे. सगळं ठीक झालं तर एप्रिलअखेर कायम करतील. तेव्हा जुन्या ऑफिसचं झेंगट तोवर त्याच्या गळ्यात नको, एवढी कृपा कर. मेल त्याने पाहिला असेल. नसेलही. पुरुषांच्या मेलचं काय सांगावं, त्यात विजेच्या बिलाखाली बायकोचा वाढदिवस सापडतो.

आता न विचारलेलं सांगते, तो वहिनीचा हक्क आहे. तू चुगल्याच घे. आमच्या रक्तपेढीत मागच्या वर्षी नवा फ्रीज आला. दार नीट लागलं नाही की कोकलतो. कोकलू दे, कोणीतरी उठून लावतं. पण दार उघडं दिसलं की आपणहून कुलूप घालून किल्ली गिळून बसणारा फ्रीज कोणी आणला असता, तर ऐन वेळी रक्ताची पिशवी काढायची कशी? तुम्हा लोकांना बंद म्हणजे सुरक्षित वाटतं. आमच्याकडे बंद म्हणजे बंद.

आणि त्या बेवारस फोल्डरचं काय करणार आहेस? असेल कोणाचं तरी काहीतरी. रक्तगटाची यादी असली म्हणून कोणाचं काय बिघडलं? लोक रक्तगट मोटरसायकलवर रंगवून घेतात.

आईंना म्हणावं, व्यायाम नाही केलात तर मी येऊन करून घेईन. मग रडायचं नाही.

वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फ्रीजचा मुद्दा बरोबर आहे. तो मी शिफारशीच्या टिपणात घातला आहे, तुझं नाव न घालता. दरवान बंद करतो, पण कोणाला न विचारता बंद करतो. त्याचं काय करायचं, हे मला अजून सुटलेलं नाही.

आता एक विचारते. फोल्डरमध्ये काय आहे हे मी लिहिलं नव्हतं. लिहिणं शक्यच नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं. तू रक्तगट लिहिलंस.

परवानगी आज मिळाली. मी अजून उघडलेला नाही. गुरुवारी दरवानवाल्यांचा माणूस प्रात्यक्षिक दाखवायला येतो आहे, ते झालं की उघडेन. तुला काही सांगायचं असेल तर त्याआधी सांग. उघडल्यावर जे दिसेल ते मला लिहावंच लागेल.

प्रात्यक्षिक चाचणी-खात्यातच करायला मी त्याला सांगितलं आहे, म्हणजे कोणाच्या कामाला धक्का लागणार नाही.

तुझी नणंद


१२ फेब्रुवारी

आज वन्सं वगैरे नाही.

सकाळी अकराच्या सुमारास वरच्या मजल्यावरून फोन आला. बाळंतीण, रक्त थांबत नाही, बी निगेटिव्ह पाहिजे. आमच्याकडे बी निगेटिव्हची एक पिशवी होती, ती दिली. पुढची कुठे आहे ते पाहायला मी नेहमीसारखी यादी उघडली. पांढरा पडदा. ‘तुम्हाला परवानगी नाही.’ पुन्हा उघडली. पुन्हा तेच. मला वाटलं फोन बिघडला. हाताखालच्या मुलीचा घेतला. तिच्यावरही तेच.

मग बसले फोन लावत. एका रुग्णालयात कोणी उचलेना, दुसऱ्यात नवा माणूस, त्याला फ्रीजमध्ये काय आहे तेच माहीत नाही, ‘मॅडम जेवून येऊ द्या’ म्हणतो. तिसरीकडे दोन पिशव्या मिळाल्या. आल्या, लागल्या, बाई वाचली. तिच्या नवऱ्याने माझ्या हातात पेढ्याची पुडी ठेवली आणि मी ती बाजूला ठेवून पुन्हा यादी उघडून पाहिली. तोच पांढरा पडदा.

तुझ्या दरवानाने बंद केलं ना? सांग.

तू विचारलंस म्हणून आता सांगते. ती यादी आमची आहे. चार रुग्णालयांच्या रक्तपेढ्यांतले आम्ही पाचजण ती वापरतो. कोणाकडे कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, आणि दुर्मीळ गटाचे रक्तदाते कोण, त्यांचे फोन. तुमच्या कंपनीच्या अधिकृत सिस्टीममध्ये एका रुग्णालयाने दुसऱ्याचं पाहायचं म्हणजे अर्ज करायचा, मग तो कोणीतरी मंजूर करायचा. तोवर बाळंतीण थांबते का? मी घरी एकदा वैतागून बोलले, तर तुझ्या दादाने चहा पिता पिता करून दिली. कुठे केली, कशी केली, मी विचारलं नाही. भाजी कुठून आणलीस हे त्याने तरी मला कधी विचारलं आहे?

आता ती उघडून दे. आणि चुगल्या घे. आणि त्याचं नाव कुठे घालू नकोस. तीनच गोष्टी मागते आहे.

वहिनी


१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हो. दरवानाने बंद केलं. पाहणीवरून बंदीवर न्यायचं बटण असतं. ते प्रात्यक्षिकासाठी त्या माणसाने दाबलं, आणि चाचणी-खात्यात दाब असं त्याला मी सांगितलं होतं. तिथे एक बेवारस फोल्डर आहे हे मला माहीत होतं. त्यात खरी माहिती असू शकते असं मनात आलं होतं, कारण तू रक्तगट लिहिलं होतंस. तरी मी प्रात्यक्षिक पुढे ढकललं नाही. ही माझी चूक आहे. तीही टिपणात लिहिली आहे.

फोल्डर मी उघडला. तू जे सांगितलंस ते त्यात आहे. तू न सांगितलेलंही आहे. शेवटचा रकाना ‘शेरा’. नाकारलेल्या रक्तदात्यांपुढे कारण लिहिलं आहे. कावीळ ब. मिरगीची औषधं चालू. एका ठिकाणी एचआयव्ही, पुन्हा तपासणीला बोलावले. समोर संपूर्ण नाव आणि फोन नंबर.

आणखी एक. फोल्डर कोणी कधी उघडला याची नोंद क्लाउडवर आपोआप राहते. पाच जण ओळखता येतात, ते तुम्ही. सहावा कोणीतरी आहे. तो यादीत काही लिहीत नाही. साधारण आठवड्यातून एकदा येतो, पूर्ण यादी उतरवून घेतो आणि जातो. दिवाळीच्याही आधीपासून. कोण आहे ते कळत नाही. अशी उघडी दारं शोधत फिरणारे लोक असतात, ते यादी विकतात किंवा ठेवून देतात. यापलीकडे मला माहीत नाही, आणि अंदाज लिहीत नाही.

तुझ्या तीन गोष्टींपैकी पहिली अर्धी करता येईल. जुना फोल्डर उघडणार नाही. त्याऐवजी काल मी त्याच खात्यात नवा केला आहे. पिशव्यांचा साठा आणि दात्यांचे गट, बस. ‘शेरा’ नाही, ज्यांना बोलवायचं नाही ते यादीतच नाहीत. तुम्हा पाचजणांना प्रत्येकी स्वतःचं लॉगिन, ते सोबत पाठवते आहे. एकमेकांना देऊ नका. चाचणी-खात्यात खरी माहिती ठेवणं नियमाबाहेर आहे, म्हणून दरवानाकडे सूट मागावी लागली. ती माझ्या नावाने मागितली आहे, मार्चअखेरपर्यंत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

तुझी नणंद


१७ फेब्रुवारी

प्रिय मुली,

नवी यादी चालते. पाचही जणांना लॉगिन मिळालं. आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी पासवर्ड फ्रीजवर चिकटवला, तो मी काढून त्याच्या खिशात घातला.

‘शेरा’ मी घातला. तुझ्या दादाने नाही. नाकारलेल्या माणसाला दुसऱ्या रुग्णालयाने परत फोन करून बोलवायचं, तो बिचारा काम सोडून येणार, आणि मग त्याला सगळ्यांसमोर परत पाठवायचं, हे मला बरं वाटत नव्हतं. म्हणून म्हटलं, कारण लिहून ठेवलं की कोणी बोलावणारच नाही. त्यांची सोय म्हणून लिहिलं मी ते.

तुझं पत्र वाचून एक बाई आठवल्या. त्या पाळणाघर चालवतात. बी निगेटिव्ह. वर्षानुवर्षं रक्त द्यायच्या, येताना कोणा ना कोणा पोराला कडेवर घेऊन यायच्या. गेल्या पावसाळ्यात तपासणीत कावीळ ब निघाली. मी त्यांना आत बसवून सांगितलं, दार लावून. डॉक्टरांनी समजावलं की औषधपाणी नीट केलं तर भिण्यासारखं नाही, पोरांना जवळ घेतल्याने काही होत नाही. त्या शांतपणे गेल्या.

नाताळच्या आसपास त्या परत आल्या. रक्तपेढीच्या दारात उभ्या राहून ओरडल्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी त्यांचं नाव आणि रोग टाकला होता. पोरं बंद झाली. ‘इथून गेलं बाहेर, दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं,’ असं त्या म्हणत होत्या. मी त्यांना काय म्हटलं असेल सांग. मी म्हटलं, ‘बाई, आमच्याकडून एक अक्षर बाहेर जात नाही. तुमच्याच घरातलं कोणी बोललं असेल.’ नवऱ्यावर संशय घेऊन त्या घरी गेल्या. मी पाठवलं त्यांना तसं.

तो सहावा माणूस आणि हे, याचा संबंध आहे का? तू म्हणशील, माहीत नाही. पण मला रात्रीचं जेवण जात नाही.

एवढं झाल्यावरही मी मागणारच आहे, मला निर्लज्ज म्हण. एप्रिलअखेरपर्यंत थांब. आता दार बंद झालं, यादी सुरक्षित झाली, पुढचं नुकसान थांबलं. मग ‘मालक सापडला नाही’ एवढंच लिहिलंस तर कोणाचं काय जातं? चुगल्यात तशी खूण करता येते असं तूच लिहिलं होतंस. त्याची नोकरी गेली तर ह्या वयात दारोदार फिरायचं, आणि ते माझ्या वैतागापायी. मला ते सोसायचं नाही.

वहिनी


१८ फेब्रुवारी

मोजपट्टी,

तुझी आणि तुझ्या वहिनीची पत्रं मी आज वाचली. तिने स्वतः दाखवली, रडत.

मेलला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दिलं की ते कागदावर येतं. एवढी अक्कल तुला असायला हवी. तुला ही नोकरी मी लावली. मुलाखतीत काय विचारतात ते मी शिकवलं. त्या चाचणी-खात्यात प्रत्येकाने काही ना काही करून ठेवलं आहे, तुझ्या साहेबांसकट. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो दोन वर्षं तिथे होते. सगळे सोडून तुला सापडलो मी.

आई सांगायची, लहानपणी तू लाडू वाटताना पट्टीने मोजायचीस आणि सगळ्यात लहान स्वतःला घ्यायचीस. घरात कौतुक व्हायचं. मला तेव्हाही वाटायचं की हे कौतुकासाठी आहे. आताही तेच. भावाला कापून दाखवलं की न्यायाधीश निघालीस म्हणतील.

‘मालक सापडला नाही.’ तीन शब्द आहेत. लिही आणि सोडून दे. वहिनीला यात ओढू नकोस.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

आज दुपारी मी साहेबांना सांगितलं. फोल्डर कोणी केला, कशासाठी केला, आणि तो माझा सख्खा भाऊ आहे. सहाव्याबद्दल सांगितलं. नव्या यादीच्या सुटीवर माझं नाव आहे ते त्यांनी आधीच पाहिलं होतं. ‘स्वतःचं नाव कशाला घातलंस?’ असं त्यांनी विचारलं, म्हणून तिथूनच सुरुवात झाली.

त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, ‘तुला कोणी विचारलं होतं का?’

मी म्हटलं, ‘मालकाचं नाव मीच सगळ्यांना विचारलं होतं. ते मला कळलं.’

‘मग आता काय करू म्हणतेस? तू विचारलंस त्या पंचवीस जणांना मेलने कळवू?’

मी म्हटलं, ‘यात माझं माणूस आहे. म्हणून निवड माझ्याकडे राहू नये. शिफारस दुसऱ्याने द्यावी.’

मग म्हणाले की बरं, शिफारस ते स्वतः देतील. म्हणजे चुगल्या. हे मला आत जाण्याआधी माहीत होतं. मी गप्प राहिले असते तर दरवान आला असता आणि त्याच्या पहिल्याच नोंदीत ‘मालक सापडला नाही’ हे खोटं असतं. बोलले, तर खरं राहिलं आणि सॉफ्टवेअर चुकीचं येणार. मला दोन्ही नको होतं. एक निवडलं. बरोबर निवडलं की नाही याची मला खात्री नाही, आणि तसं तुला सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

साहेबांच्या मुलीचे फोटो मलाही सापडले होते. तेही टिपणात आहेत. त्यांनी ते वाचलं आहे.

तुमची पत्रं मी कोणाला दाखवलेली नाहीत. कोणी विचारलं, तर आहेत असं सांगेन.

तुझ्या वर्तणुकीच्या पत्रात ते काय लिहिणार हे मी विचारलं नाही. तुझ्या नव्या ऑफिसला हे दुसऱ्याकडून कळण्याआधी तू सांगितलेलं बरं. हा सल्ला आहे, तो मोजून दिलेला नाही.

लाडवांचं मला आठवत नाही. तू म्हणतोस तसं असेलही.

वहिनीला तू यात ओढलंस, चहा पिता पिता. मी नाही.


९ मार्च

प्रिय वन्सं,

तुझ्या दादाला आलेलं तुझं पत्र मी वाचलं, आणि त्याने ते फाडलं तेही पाहिलं. तो तुझं नाव घेत नाही. ‘ती’ म्हणतो. मीही दोन आठवडे लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पाठवण्यासारखं नव्हतं. आता लिहिते.

परवा आमच्या रुग्णालयात बैठक होती. तुमचे साहेब आले होते, कोट घालून, चुगल्याची चित्रं घेऊन. आमचे मुख्य डॉक्टर, शेजारच्या रुग्णालयाच्या मॅडम, हिशेबवाले, आणि कोपऱ्यात आम्ही, म्हणजे ‘वापरणारे’. साहेबांनी छान सांगितलं. कोणाचं काम अडणार नाही, सगळं पडद्यावर दिसेल, लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे ठीक. माना डोलल्या.

मी हात वर केला. विचारलं, ‘लाल दिसल्यावर दार कोण लावणार?’

साहेब म्हणाले, ‘संबंधित टीम.’

‘ते जेवायला गेले असले तर?’

थोडं हसू झालं. मी हसले नाही. मग मी उभी राहिले आणि यादीचं सांगितलं. माझी यादी, माझा ‘शेरा’, माझ्या नवऱ्याने करून दिलेली. दात्यांची नावं बाहेरच्या कोणीतरी आठवड्याला उतरवून नेली, आणि तुमच्या चुगल्याला हे दिसलं असतं तर त्याने कोणालातरी मेल केला असता, तो मेल माझ्या नवऱ्याला गेला असता, आणि त्याने उत्तर दिलं नसतं.

मुख्य डॉक्टरांनी साहेबांना विचारलं, ‘दुसरं होतं ना एक, बंद करणारं?’ साहेब म्हणाले, ‘आहे, पण ते अविचारी आहे.’ तेव्हा मीच म्हटलं, ‘आहेच ते अविचारी. बाळंतीण मरता मरता वाचली त्याच्यामुळे.’ मग शेजारच्या मॅडमनी तोड काढली. नवं काही कोणी उघडं करत असेल तर तिथल्या तिथे बंद. जुनं आधीपासून वापरात असेल, तर ज्याच्या नावावर आहे त्याला आधी फोन, मेल नाही, आणि त्याने ठरलेल्या मुदतीत सोय केली नाही तर मग बंद. आणि ज्याला नावच नाही, ते कोण वापरतं आहे हे माणसाने शोधून काढेपर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही, पण बाहेरच्याला तोवर आत यायची वाट मिळता कामा नये. असं दरवानाला शिकवता येतं का? साहेबांना माहीत नव्हतं. म्हणाले, ‘आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला विचारतो.’

तर ते तुला विचारतील. दरवान येतो आहे. रुग्णालयांनी तसं लेखी दिलं.

आता दुसरं. तुझ्या दादाने मागच्या सोमवारी नव्या ऑफिसात जाऊन स्वतः सांगितलं. मला न विचारता, सकाळी कपडे करून गेला आणि सांगून आला. त्यांनी त्याला उद्यापासून येऊ नका म्हटलं. ओरडले नाहीत, दार उघडून दिलं म्हणे. आता घरात बसून तो स्वयंपाकघराच्या नळाचं गळणं बंद करतो आहे, आणि नळ आधीपेक्षा जास्त गळतो आहे. मी त्याला बोलत नाही. तुझ्याबद्दलही बोलत नाही. तुझ्यावर राग आहे का म्हणशील, तर आहे. थोडा. जाईल की नाही माहीत नाही. तुझ्यासारखं लिहिलं बघ.

रुग्णालय सगळ्या दात्यांना पत्र पाठवणार आहे. मी मुख्य डॉक्टरांना म्हटलं, पाळणाघरवाल्या बाईंना पत्र नको, मी जाते. त्यांना मी नवऱ्यावर संशय घ्यायला लावलं आहे, ते पोस्टाने परत घेता येत नाही. येत्या शनिवारी जाते आहे. नेमकं काय बोलायचं ते मला सुचत नाही. तोंड उघडलं की मी फार बोलते, तुला माहीत आहे. तू लिहून दे.

काल हे तुझ्या दादाला सांगितलं. तो नळापाशी खाली बसला होता. वर न पाहता म्हणाला, ‘मी पण येतो.’ मी म्हटलं, ‘तू बाहेर गाडीत थांब, त्यांना आवडायचं नाही.’ तर म्हणाला, ‘बाहेर थांबायला येत नाही आहे.’

वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

दरवानाला तसं शिकवता येतं. शेवटचा भाग सोपा नाही, पण येतं. साहेबांनी आज विचारलं.

बाईंना सांगायचं ते असं. तुमचं नाव, फोन नंबर आणि आजार आमच्या एका यादीत होता. ती यादी कोणालाही उघडता येत होती. आजार त्यात मी लिहिला होता. यादी ह्यांनी केली होती. बाहेरच्या एका माणसाने ती पुन्हा पुन्हा उतरवून घेतली. ती तुमच्याकडच्या पोरांच्या पालकांपर्यंत त्याच्याकडूनच पोचली का, हे आम्हाला माहीत नाही, आणि कधी कळेल असं वाटत नाही. पण तुमच्या घरातल्या कोणी सांगितलं, असं मी म्हणाले होते, ते मला माहीत नसताना म्हणाले होते.

हे म्हणून थांब. ‘सिस्टीमची चूक’ म्हणू नकोस. मी ते चांगल्यासाठी लिहिलं होतं, हेही म्हणू नकोस, ते त्यांनी विचारलं तरच. त्यांचा नवरा घरी असेल तर त्यालाही बसू दे. त्या ओरडल्या तर ओरडू दे. पालकांच्या ग्रुपवर आजाराबद्दल डॉक्टरांनी काही लिहावं का, ते बाईंना विचार, आपणहून ठरवू नकोस. मुख्य डॉक्टर तसं लिहून द्यायला तयार आहेत का, हे जाण्याआधी त्यांच्याकडून पक्कं करून घे.

मी शनिवारी पहाटेच्या गाडीने येते आहे. बटण दाबायला मीच सांगितलं होतं, पण ते बाईंच्या बाबतीतलं नाही, म्हणून मी आत येणार नाही; त्यांच्या खोलीत तुम्ही दोघं पुरेसे आहात. गल्लीच्या तोंडाशी उभी राहीन.

दादाला हे आधी सांगू नकोस. तो येणार असेल तर त्या बाईंसाठी येऊ दे. मला दाखवायला नको.

तुझी नणंद